बदरुद्दीन काझी ते जॉनी वॉकर : दारूबंदीच्या मुंबईतील निर्व्यसनी दारुडा

१/२६
मुंबई राज्यात १९५० साली संपूर्ण दारूबंदी अमलात आली. पुढच्याच वर्षी या दारूबंदीच्या मुंबईत ‘बाजी’ नावाचा चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्यातून एका नव्या विनोदी नटाचे नाव रूढ होऊ लागले. ते नाव एका विलायती व्हिस्कीचे होते : जॉनी वॉकर. दारुड्याचे सोंग बेमालूम वठवल्यामुळे हे नाव मिळालेला माणूस स्वतः मात्र दारूच्या थेंबालाही शिवत नसे. त्याचे खरे नाव बदरुद्दीन जमालुद्दीन काझी. हा थ्रेड त्यांच्याविषयी आणि त्यांना घडवणाऱ्या शहराविषयी.

२/२६
व्हिस्कीचे नाव आणि निर्व्यसनी माणूस, एवढ्या गमतीदार विरोधाभासावर जॉनी वॉकर यांची ओळख बहुधा संपते. पण त्यांचे आयुष्य काळाच्या ओघात ठेवून पाहिले तर त्यात गिरणीचा रोजगार, फाळणी, मुंबईची सार्वजनिक वाहतूक, दारूबंदीचे राजकारण आणि हिंदी चित्रपटाची बदलती रचना असे बरेच काही सापडते. पन्नाशीच्या दशकातील चित्रपटात विनोदी नटाचे नेमके काम काय होते आणि ती जागा पुढे का आक्रसत गेली, हा या लेखनाचा मुख्य प्रश्न आहे.

३/२६
काझींचा जन्म १९२०च्या दशकात इंदूरचा. इंदूर त्या वेळी होळकर संस्थानाची राजधानी होते. मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेले हे शहर विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत कापड गिरण्यांचे केंद्र म्हणून वाढले. संस्थानी इंदूरचे वर्णन करताना राजवाडा आणि दरबार यांचाच उल्लेख होतो. पण हजारो कुटुंबांचे दिवस गिरणीच्या भोंग्यावर चालत. काझींचे वडील अशाच एका गिरणीत कामगार होते. गिरणी बंद पडली, रोजगार गेला आणि मोठा कुटुंबकबिला घेऊन त्यांनी मुंबईची वाट धरली.

४/२६
कापड गिरणीच्या कामगाराने मुंबईकडे यावे, यात नवल नव्हते. कोकण, देश, उत्तर हिंदुस्थान अशा सर्व दिशांनी माणसे या शहरात पोट भरण्यासाठी येत होती. बदरुद्दीनचे शिक्षण सहावीच्या आसपासच सुटले. घरात खाणारी तोंडे अनेक आणि कमावणारा हात जवळपास एकच, अशी परिस्थिती होती. मिळेल ते किरकोळ काम करीत हा मुलगा शहरात वाढला. पुढे त्यांच्या विनोदात शहरी गरिबांच्या बोलण्याचा आणि वागण्याचा जो बारकावा दिसतो, त्याची शिदोरी या वर्षांत जमा झाली.

५/२६
या मुलाचे दैवत होते नूर मोहम्मद चार्ली. १९३० आणि १९४०च्या दशकांत चार्ली हे हिंदी चित्रपटातील विनोदाचे सर्वांत मोठे नाव. चार्ली चॅप्लिनच्या धर्तीची आखूड मिशी आणि त्याच्यावरूनच घेतलेले नाव, ही त्यांची खूण. विनोदी नटाच्या नावावर तिकिटे खपू शकतात, हे हिंदी चित्रपटसृष्टीला दाखवून देणाऱ्यांत ते अग्रणी होते. पडद्यावर पाहिलेल्या त्यांच्या करामती घरी येऊन करून पाहायच्या, हा काझींचा अभिनयाचा पहिला अभ्यासक्रम.

६/२६
१९४७ च्या फाळणीने देशाबरोबर चित्रपटसृष्टीचेही विभाजन केले. चार्ली पाकिस्तानात गेले. ‘हिंदुस्थानी लॉरेल आणि हार्डी’ म्हणून गाजलेल्या दीक्षित-घोरी या जोडीतील घोरीही तिकडे गेले. जोडीतील मराठी नट मनोहर दीक्षित यांचे १९४९ मध्ये निधन झाले. गोप, याकूब, आगा असे विनोदी नट कामात होते. पण आधीच्या पिढीची काही ठळक नावे दोन-तीन वर्षांत दिसेनाशी झाली. नव्या चेहऱ्याला वाव निर्माण झाला तो असा. गुणवत्तेला संधी मिळते, तेव्हा तिच्यामागे असा इतिहासही असतो.

७/२६
याच काळात काझींना ‘बेस्ट’मध्ये बस कंडक्टरची नोकरी लागली. मुंबईत घोड्यांची ट्रॅम १८७४ मध्ये, विजेची ट्रॅम १९०७ मध्ये आणि मोटारबस १९२६ मध्ये सुरू झाली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ही वाहतूक खासगी कंपनीकडून मुंबई महानगरपालिकेच्या ताब्यात आली. आज ज्या ‘बेस्ट’ला मुंबईकर आपली मानतो, तिची सार्वजनिक मालकी त्या दिवसापासूनची. काझी या नव्या नागरी व्यवस्थेचे एक गणवेशधारी सेवक होते.

८/२६
कंडक्टरच्या कामात अभिनयाचे धडे आपोआप मिळत. दिवसभर शेकडो अनोळखी माणसांशी बोलायचे, थांब्यांची नावे गोंगाटावर मात करून पुकारायची, हलत्या बसमध्ये तोल सांभाळत सुटे पैसे मोजायचे आणि भांडणावर चार शब्दांत पडदा टाकायचा. पारशी गृहस्थ, गुजराती व्यापारी, कोळीण, गिरणी कामगार, कारकून असे सारे एकाच बसमध्ये भेटत. काझी नकला करीत, विनोदी ढंगाने थांबे पुकारीत आणि उतारूंचे मनोरंजन करीत. बस हेच त्यांचे रंगपीठ होते आणि तिकीट काढलेला उतारू हाच प्रेक्षक.

९/२६
प्रसिद्ध हकीकत अशी, की या करामती बलराज साहनी यांच्या दृष्टीस पडल्या. साहनी हे ‘इप्टा’ या डाव्या विचारांच्या नाट्यचळवळीतील महत्त्वाचे कलावंत. त्या सुमारास ते गुरुदत्त यांच्या पहिल्या चित्रपटाची, ‘बाजी’ची, पटकथा लिहीत होते. त्यांनी या कंडक्टरला गुरुदत्तसमोर दारुड्याचे सोंग करून दाखवण्यास सुचवले. काझींनी ते इतके हुबेहूब केले, की चित्रपटात भूमिका मिळाली. श्रमिक माणूस रंगभूमीवर आणि पडद्यावर आला पाहिजे, अशी ज्यांची धारणा होती, त्यांनीच एक श्रमिक हेरला, हे इथे लक्षात घेण्याजोगे.

१०/२६
‘बाजी’ ही देव आनंद यांच्या ‘नवकेतन’ची निर्मिती. देव आनंद आणि गुरुदत्त यांची मैत्री पुण्यात ‘प्रभात’मध्ये जुळलेली. जॉनी वॉकर हे नाव गुरुदत्त यांनीच दिले. याच १९५१ साली भगवानदादा पालव यांचा ‘अलबेला’ही प्रदर्शित झाला आणि तुफान चालला. भगवानदादांचे वडीलही गिरणी कामगार. एकाच वर्षी गिरणी कामगारांच्या घरांतील दोन मुले हिंदी पडद्यावर लोकांना हसवत होती. स्वातंत्र्योत्तर मुंबईच्या सामाजिक इतिहासात या योगायोगाची नोंद व्हायला हवी.

११/२६
आता दारूबंदीकडे. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. गांधीवादी विचारांचा आधार आणि मोरारजी देसाई यांचा आग्रह या दोहोंमुळे हे धोरण कठोरपणे राबवले गेले. त्याला न्यायालयात आव्हान मिळाले आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात कायद्याचा बराचसा भाग वैध ठरवला. एकीकडे परवान्यावर पिणारे मोजके लोक, दुसरीकडे हातभट्ट्या आणि चोरटे गुत्ते, असे शहराचे चित्र होते. अशा शहरात एका नटाला व्हिस्कीचे नाव मिळाले आणि ते घराघरांत गेले.

१२/२६
हिंदी चित्रपटात दारुडे दोन प्रकारचे. एक शोकात्म : १९५५ च्या ‘देवदास’मधील दिलीपकुमार. तो जमीनदाराचा मुलगा असतो, त्याच्या पिण्याला प्रेमभंगाचे कारण असते आणि प्रेक्षक त्याच्यासाठी रडतो. दुसरा विनोदी : तो बहुधा गरीब असतो, त्याच्या पिण्याला कारण विचारले जात नाही आणि प्रेक्षक त्याला हसतो. हा भेद उघडच वर्गीय आहे. जॉनी वॉकर यांचे वैशिष्ट्य असे, की त्यांच्या दारुड्याला प्रेक्षक हसला तरी त्याला तुच्छ लेखत नसे.

१३/२६
याचे कारण त्यांच्या अभिनयाच्या तंत्रात आहे. सामान्य नट दारुडा करताना तोल घालवून दाखवतो. खरा प्यायलेला माणूस मात्र तोल सांभाळण्याची धडपड करीत असतो. आपण शुद्धीत आहोत हे तो जगाला पटवू पाहतो. जॉनी वॉकर नेमकी ही धडपड दाखवत. किंचित जड पापण्या, शब्दाच्या शेवटी लांबणारा नाकातील स्वर आणि पडता पडता सावरणारे सडपातळ शरीर. विनोद निर्माण होई तो प्रतिष्ठा टिकवण्याच्या या खटाटोपातून. बाहेरून निरीक्षण केलेल्या माणसालाच हे इतक्या नेमकेपणाने साधले असावे.

१४/२६
‘बाजी’नंतर ते गुरुदत्त यांच्या चमूचे अविभाज्य भाग झाले. गोव्याच्या पार्श्वभूमीवरील ‘जाल’ (१९५२), ‘बाज’ (१९५३), ‘आरपार’ (१९५४), ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ (१९५५), ‘सीआयडी’ (१९५६), ‘प्यासा’ (१९५७), ‘कागज के फूल’ (१९५९), ‘चौदहवी का चाँद’ (१९६०). यांतील काहींचे दिग्दर्शन इतरांचे, पण घर गुरुदत्तचेच. लिहिलेल्या संवादापेक्षा अधिक चांगले सुचले तर ते करून दाखवण्याची मुभा गुरुदत्त त्यांना देत. छायाचित्रणासाठी व्ही. के. मूर्ती, लेखनासाठी अबरार अल्वी आणि विनोदासाठी जॉनी वॉकर, अशी ही घडी बसली होती.

१५/२६
त्यांच्या भूमिकांची यादी पाहावी. ‘टॅक्सी ड्रायव्हर’मध्ये (१९५४) नायकाचा मित्र मस्ताना, ‘आरपार’मध्ये रुस्तम, ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मध्ये छायाचित्रकार, ‘सीआयडी’मध्ये पाकीटमार, ‘प्यासा’मध्ये तेल-मालिश करणारा, ‘नया दौर’मध्ये (१९५७) मुंबईचा वार्ताहर. पदपथावर, बसथांब्यावर, इराण्याच्या हॉटेलात भेटावीत अशी ही माणसे. नायक प्रेमात आणि संकटात गुंतलेला असे. शहर कसे चालते, हे प्रेक्षकाला या माणसांकडून कळे. नायकाच्या कथेला शहराची जमीन पुरवणे, हे विनोदी नटाचे त्या काळातील खरे काम होते.

१६/२६
‘सीआयडी’चे उदाहरण घ्यावे. दिग्दर्शन राज खोसला यांचे. जॉनी वॉकर यांचा पाकीटमार खुनाच्या प्रकरणात योगायोगाने साक्षीदार होतो. मुंबईत जगणे किती कठीण, हे सांगणारे या चित्रपटातील गाणे आजही शहराचे अनधिकृत गीत मानले जाते. शब्द मजरूह सुलतानपुरींचे, संगीत ओ. पी. नय्यर यांचे, आवाज मोहम्मद रफी आणि गीता दत्त यांचे. लक्षणीय बाब ही, की शहरावरचे हे भाष्य नायकाच्या तोंडी नाही, पोलिसाच्याही नाही. ते एका पाकीटमाराच्या तोंडी आहे. आणि शेवटी त्याच्या तक्रारीला उत्तर देते ती त्याच्याच थरातील मैत्रीण.

१७/२६
हा चित्रपट १९५६ चा. त्या वर्षी मुंबई कोणाची, हा प्रश्न संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात रस्त्यावर लढला जात होता, गोळीबार होत होते, माणसे मरत होती. चित्रपटात त्याचा उल्लेख नाही आणि तसा तो असण्याची अपेक्षाही नाही. परंतु मुंबईवर हक्क सांगणाऱ्या सर्व बाजूंच्या गदारोळात, कसलाही हक्क नसलेल्या माणसाचा आवाज लोकांच्या ओठी बसला, तो एका विनोदी गाण्यातून. इतिहासाच्या अभ्यासकाने लोकप्रिय गाण्यांकडे दुर्लक्ष का करू नये, याचे हे एक कारण.

१८/२६
या यशात रफींचा वाटा मोठा. जॉनी वॉकर यांच्यासाठी गाताना रफी आपला आवाज बदलत. शब्द किंचित चावून, अधूनमधून बोलल्यासारखे, नाकातील सूर साधून ते गात. पडद्यावर जॉनी वॉकर स्वतःच गात आहेत असा भास होई. ‘प्यासा’तील तेल-मालिशवाल्याचे गाणे हा त्याचा उत्तम नमुना. शब्द साहिर लुधियानवींचे, संगीत सचिन देव बर्मन यांचे. अत्यंत उदास चित्रपटाच्या मध्यभागी हे गाणे येते आणि राजा असो वा रंक, शिणलेले डोके सर्वांचे सारखेच, एवढे सांगून जाते.

१९/२६
परिणामी चित्रपटाच्या व्यापारातही त्यांचे स्थान बदलले. चित्रपटात जॉनी वॉकर यांचे गाणे हवेच, असा वितरकांचा आग्रह असे. ‘छूमंतर’मध्ये (१९५६) ते नायक झाले आणि १९५७ मध्ये चक्क ‘जॉनी वॉकर’ याच नावाचा चित्रपट आला. नटाच्या पडद्यावरील नावाने चित्रपटाचे नाव ठेवले जावे, ही मोठीच पावती. तरीही त्यांचे खरे सामर्थ्य नायकाच्या शेजारी उभे राहण्यात होते. नायक झाला की विनोदी पात्राला स्वतःच्या प्रेमकथेची काळजी करावी लागते. शेजारी उभा असला की तो सर्वांकडे पाहू शकतो.

२०/२६
‘प्यासा’ हा या दृष्टीने कळसाचा चित्रपट. कथा कलकत्त्याची. कवी विजय मेला असे जग समजते. तो जिवंत परततो तेव्हा प्रकाशक, मित्र आणि सख्खे भाऊ स्वार्थापोटी त्याला ओळखण्याचे नाकारतात. (यांतील एका भावाच्या भूमिकेत मेहमूद होते.) वेड्यांच्या इस्पितळातून बाहेर पडण्यासाठी विजयला मदत करतो तो मालिशवाला अब्दुल सत्तार, म्हणजे जॉनी वॉकर. हसवण्यासाठी आणलेले पात्र इथे कथेच्या नैतिक बाजूला उभे राहते. प्रतिष्ठितांनी नाकारलेल्या माणसाला एक वेश्या आणि एक मालिशवाला ओळखतात.

२१/२६
मानसन्मानही मिळाले. उत्तम सहायक अभिनेत्याचा पहिला फिल्मफेअर पुरस्कार ‘बूट पॉलिश’साठी डेव्हिड यांना मिळाला होता. पुढे बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’तील (१९५८) चरणदासच्या भूमिकेसाठी तो जॉनी वॉकर यांना मिळाला. ‘मधुमती’ने त्या वर्षी एकूण नऊ फिल्मफेअर पुरस्कार पटकावले. विनोदासाठी स्वतंत्र पुरस्कार तेव्हा नव्हता. म्हणजे त्यांची निवड गंभीर भूमिकांशी स्पर्धा करून झाली. विनोदाचा स्वतंत्र विभाग पुढे १९६०च्या दशकात सुरू झाला आणि ‘शिकार’साठी (१९६८) तोही त्यांना मिळाला.

२२/२६
त्यांच्या कारकिर्दीतील एक कमी चर्चिलेली गोष्ट म्हणजे रविवार. रविवारी चित्रीकरण करायचे नाही, असा नियम त्यांनी पाळला. असे करणारे ते हिंदीतील आरंभीचे नट मानले जातात. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. चित्रपटसृष्टीत मात्र कामाच्या वेळांना धरबंद नव्हता. गिरणी कामगाराच्या मुलाने आपला रविवार राखून ठेवला, ही केवळ नटाची लहर नव्हती. कलावंत हाही कामगार आहे आणि त्याला विश्रांतीचा हक्क आहे, असा त्यामागचा अर्थ निघतो.

२३/२६
घर हा त्यांच्या आयुष्याचा दुसरा आधार. अभिनेत्री शकीला यांची बहीण नूर हिच्याशी ‘आरपार’च्या दिवसांत त्यांचा परिचय झाला आणि पुढे घरच्यांचा विरोध पत्करून दोघांनी विवाह केला. स्वतःचे शिक्षण अर्धवट सुटल्याची खंत त्यांना कायम राहिली. त्यांनी मुलांना शिकण्यासाठी अमेरिकेत पाठवले. पडद्यावर दारुडा, पाकीटमार, भटक्या अशी रूपे घेणाऱ्या माणसाने प्रत्यक्षात नेमस्त, कुटुंबवत्सल आयुष्य जगले. गरिबीतून आलेल्या माणसाला स्थैर्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

२४/२६
साठीच्या दशकात चित्र पालटले. १९६४ मध्ये गुरुदत्त गेले. रंगीत चित्रपटांबरोबर कथा मुंबईच्या गल्ल्यांतून काश्मीर आणि सिमल्याकडे निघाल्या. पदपथावरील माणसांना त्यांत काम उरले नाही. मेहमूद यांनी विनोदाला मोठे, जवळपास समांतर कथानक मिळवून दिले. सत्तरीत तर नायकच विनोद करू लागला. ‘अमर अकबर अँथनी’मधील (१९७७) अमिताभ बच्चन हे ठळक उदाहरण. विनोदी नटाची जागा दोन्ही बाजूंनी आक्रसली. द्व्यर्थी विनोदाचा मार्ग जॉनी वॉकर यांनी घेतला नाही. शेकडो चित्रपटांत आपल्या एकाही वाक्याला सेन्सॉरने कात्री लावली नाही, याचा त्यांना अभिमान होता.

२५/२६
याच उतरत्या काळात ‘आनंद’ (१९७१) आला. हृषीकेश मुखर्जी यांच्या या चित्रपटात ते नाटक कंपनीचे मालक ईसाभाई सुरतवाला झाले. अनोळखी माणसाला ‘मुरारीलाल’ म्हणून हाक मारण्याची आनंदची सवय असते. बाकीचे चिडतात, ईसाभाई मात्र क्षणात खेळात सामील होतात. पुढे आजारी आनंदसमोर ते हसत-खेळत वागतात आणि खोलीबाहेर येताच कोसळतात. भूमिका काही मिनिटांची आहे. पण समोरच्याला रडू दिसू नये म्हणून हसण्याची जी धडपड त्यांनी तिथे केली, ती त्यांच्या दारुड्याच्या धडपडीचीच दुसरी बाजू आहे.

२६/२६
पुढे त्यांनी कामे कमी केली. दीर्घ विश्रांतीनंतर कमल हासन यांच्या ‘चाची ४२०’मध्ये (१९९७) ते रंगभूषाकार जोसेफ म्हणून दिसले, आणि तो जोसेफही पिणारा. २९ जुलै २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तोवर दारूबंदी सैल होऊन दशके लोटली होती, १९६४ मध्ये ट्रॅम थांबली होती आणि १९८२ च्या संपानंतर गिरण्याही ओस पडत गेल्या होत्या. ज्या शहराने त्यांना घडवले ते बरेचसे नाहीसे झाले होते. ‘सीआयडी’ किंवा ‘प्यासा’ पुन्हा पाहताना नायकाच्या बाजूला उभ्या असलेल्या त्या सडपातळ माणसाकडे नजर ठेवावी. गिरणी कामगाराचा मुलगा, बसचा कंडक्टर आणि लाखोंचा लाडका नट एकाच वेळी तिथे दिसतो. आणि त्याच्यामागे मुंबईही.